नाव झाका, निकाल उघडा



मागच्या हंगामातली गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. एका तालुक्याच्या कोर्टात पोटगीची तारीख होती आणि आमच्या केंद्रात येणारी एक बाई रोज बुडवून तारखेला आली होती. नवऱ्याने सहा वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेले, पदरात दोन मुले. नवऱ्याच्या वकिलांचे म्हणणे थोडक्यात असे : बाई वेचणीला जाते, निंदणीला जाते, हातात पैसा येतो, मग ती स्वतःचे पोट भरायला असमर्थ कशी? सोबत त्यांनी एका जाड पुस्तकातल्या पानांची झेरॉक्स जोडली होती.

आमच्या वकीलताई रिकाम्या हाताने आल्या नव्हत्या. ‘चतुर्भुज विरुद्ध सीताबाई’ या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, पोटगी मागणारी बाई अगदी भिकेला लागलेली असली पाहिजे असे नाही. ती थोडेफार कमावत असली तरी तेवढ्यात तिचे भागते का, हे पाहायचे. हा निकाल त्यांनी पुढे केला. समोरून उत्तर आले, त्या बाईची हकिगत वेगळी, हिची वेगळी. हंगामात मजुरीला जाणाऱ्या बाईचा निकाल दाखवा. साहेबांनी विचारले, ‘‘आहे का दाखला?’’ ताई म्हणाल्या, ‘‘आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईला वरच्या कोर्टाने अशीच पोटगी दिल्याचं ऐकलंय.’’ साहेब म्हणाले, ‘‘ऐकलेलं चालत नाही. कागद आणा.’’ तारीख पडली.

त्या बाईला शोधायला आम्हाला पाच आठवडे लागले. राहत होती तीस किलोमीटरवर. निकालाची नक्कल तिने पत्र्याच्या पेटीत, शालूच्या घडीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. त्यात स्वच्छ लिहिले होते की, वेचणीची मजुरी वर्षातले तीन-चार महिने मिळते, उरलेले महिने ही बाई आणि मुले जगणार कशावर? ती पाने दाखल केली आणि आमच्या बाईला पोटगीचा हुकूम मिळाला. मधे दोन तारखा गेल्या. दोन तारखा म्हणजे तीन महिने, आणि तीन महिने म्हणजे किराणा दुकानातली उधारी किती, हे तुम्हाला सांगायला नको.

पेटीतून कागद काढून देताना ती बाई म्हणाली होती, ‘‘ताई, मना निकाल बुकमा येई का?’’

तिला त्या दिवशी आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. या अंकात ते देण्याचा प्रयत्न आहे.

आधी हे पाहू, की कोर्टाचे निकाल ‘बुकमा’ येतात कसे. १८७५ साली इंग्रज सरकारने त्यासाठी एक कायदा केला आणि १८७६ पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व अलाहाबाद या उच्च न्यायालयांच्या निवडक निकालांचे अधिकृत ग्रंथ निघू लागले. या ग्रंथांबाहेरचा छापील निकाल ऐकून घ्यायला कोर्ट बांधील नाही, असे त्या कायद्याचे म्हणणे होते. पण सरकारी ग्रंथ उशिरा निघत आणि त्यांत निकाल थोडे असत. म्हणून खाजगी ग्रंथ आले. मुंबईचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ चा. पुढे नागपूरचा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, ज्याला सगळे ए.आय.आर. म्हणतात, आणि ‘महाराष्ट्र लॉ जर्नल’. वकिलांच्या कार्यालयात भिंतभर लावलेली लाल-काळी बांधणीची पुस्तके दिसतात ती ही. पुस्तकाचे नाव, साल आणि पान सांगितले की झाले सायटेशन.

या पुस्तकांत काय जायचे ते कोण ठरवते? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या डोक्यावर ‘रिपोर्टेबल’ किंवा ‘नॉन-रिपोर्टेबल’ असा शेरा असतो, म्हणजे छापण्याजोगा किंवा न छापण्याजोगा. तो निकाल देणारे न्यायमूर्तीच ठरवतात. उच्च न्यायालयांच्या निकालांतून काय छापायचे हे मात्र बहुतेक वेळा खाजगी ग्रंथांचे संपादक ठरवतात. दोन्हीकडे कसोटी एकच : यात कायद्याचा काही नवा मुद्दा आहे का? नवा मुद्दा असेल तर छापा, जुनाच नियम लावला असेल तर राहू द्या.

कसोटी वरवर पाहता योग्य वाटते. सगळेच छापायचे तर पुस्तके ठेवायला घरे पुरणार नाहीत. पण आपल्या बाजूने पाहा. आपल्याकडे येणाऱ्या बाईच्या प्रकरणात कायद्याचा नवा मुद्दा कधी असतो का? तोच नवरा, तीच दारू, तोच हुंडा, सातबाऱ्यावरून रातोरात उडालेले तेच नाव, तीच न मिळालेली पोटगी. कायदा जुनाच आहे आणि दुखणेही जुनेच. पण तो जुना कायदा कापूस वेचणाऱ्या बाईला, केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाईला, भावाच्या पडवीत राहणाऱ्या बाईला कसा लागू केला, हे ज्या निकालात लिहिले आहे तोच तिच्या उपयोगाचा. संपादक म्हणतात, यात नवीन काही नाही. समोरचे वकील म्हणतात, तुमच्या बाईसारखा निकाल दाखवा. या दोघांच्या मधे आपली बाई उभी आहे.

कायद्याने पाहिले तर न छापलेल्या निकालाचे बळ कमी होत नाही. उच्च न्यायालयाचा निकाल पुस्तकात आला नाही तरी त्याच्या हाताखालच्या कोर्टांना तो मानावाच लागतो; त्यातला कायद्याचा मुद्दा आपल्या प्रकरणाला लागू पडला पाहिजे इतकेच. आपल्याकडे छापील आणि अछापील असा भेद कायद्याच्या वजनात नाही. भेद आहे तो सापडण्यात. जो सापडतो तो बंधनकारक. जो पेटीत पडून आहे तो कुणाला बांधणार?

अमेरिकेत हा भेद वजनातही आहे. तिथल्या संघीय अपील न्यायालयांना १९६४ साली सल्ला देण्यात आला, की सर्वांना उपयोगी पडेल असाच निकाल छापा. मग बहुसंख्य निकालांवर ‘अप्रकाशित’ असा शिक्का पडू लागला. असे निकाल पुढच्या प्रकरणांना बंधनकारक धरले जात नाहीत आणि बऱ्याच न्यायालयांत वकिलाला त्यांचा नुसता उल्लेख करायलाही मनाई असे. अखेर नियम बदलून १ जानेवारी २००७ पासून दिलेल्या अशा निकालांचा दाखला द्यायला मुभा मिळाली. टीका करणाऱ्यांचा आक्षेप साधा होता : आज एकाला एक न्याय दिला आणि उद्या दुसऱ्याला वेगळा दिला, तर पहिला निकाल झाकलेला असताना ते कळणार कसे? आपल्याकडे असा शिक्का नाही, पण त्याचे भावंड आहे. ‘हा आदेश या प्रकरणाच्या विशिष्ट परिस्थितीत दिला असून तो पूर्वदाखला समजू नये’, हे वाक्य तुमच्यापैकी कितीतरी जणींनी आदेशाच्या शेवटी वाचले असेल. बाईला मिळाले ते मिळाले, पण तिच्या मागून येणारीने पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचे.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ‘वरचे कोर्ट’ म्हटले की डोळ्यांपुढे औरंगाबादचे खंडपीठ येते. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले, पण खंडपीठ म्हटले की आपण अजून तेच म्हणतो. जळगावहून अजिंठ्याच्या वाटेने जा किंवा धुळ्याहून चाळीसगावचा घाट चढून जा, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. किती जणी तिथपर्यंत पोचतात? कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, अंमलात आला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यातल्या कलम २९ प्रमाणे अपील आहे ते सत्र न्यायालयात, तेही तीस दिवसांत. म्हणजे आपल्या बाईचे अपील कोर्ट जिल्ह्याच्या गावीच आहे आणि बहुतेकींची लढाई तिथेच संपते. सत्र न्यायालयाचे निकाल कायद्याच्या पुस्तकांत येत नाहीत आणि दुसऱ्या कोर्टांना ते बंधनकारकही नसतात. ज्या कायद्यासाठी चळवळीने वर्षानुवर्षे रस्ता तुडवला, तो आपल्या जिल्ह्यांत प्रत्यक्षात कसा चालतो हे ज्या कागदांवर लिहिले आहे, ते कागद कुणी वाचत नाही. तडजोडीची पुरसिस देऊन निकालात काढलेली प्रकरणे तर त्याहून खोल गाडली जातात. तडजोड कशी झाली, कुणी कुणाला बसवले, बाईने काय सोडले, याची कुठेच नोंद नाही.

छापील अक्षराने काय होते, हे आपल्या चळवळीला चांगले ठाऊक आहे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिची संमती असावी, असा त्यामागचा विचार होता. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत छापून आला. छापून आला म्हणून कायद्याच्या प्राध्यापकांना तो वाचता आला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय तिचे म्हणणे धरून चालेल, ही तरतूद तेव्हाची. तो निकाल नॉन-रिपोर्टेबल म्हणून एखाद्या कपाटात गेला असता तर? त्या मुलीवर अन्याय झाला तो झालाच असता, पण तो कुणाला दिसलाही नसता. म्हणून वाईट निकाल छापून येणे हेसुद्धा आपल्या हिताचे असते. जो दिसतो त्याच्याशी भांडता येते.

अर्थात भांडायला वेळ लागतो आणि तोवर छापील निकाल आपल्याच डोक्यावर आपटतो. ‘यमुनाबाई विरुद्ध अनंतराव’ हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी १९८८ चा निकाल. पहिली बायको हयात असताना केलेले दुसरे लग्न मुळातच रद्दबातल, तेव्हा दुसरीला ‘पत्नी’ म्हणून पोटगी मागता येणार नाही, असे त्यात ठरले. आपल्या भागात ‘दुसरी करून आणलेली’ किती आहेत आणि त्यांतल्या कितींना पहिलीचा पत्ताच नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे. पंचवीस वर्षे ही पाने झेरॉक्स होऊन कोर्टाकोर्टांत फिरत राहिली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘बादशाह विरुद्ध उर्मिला’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पहिले लग्न लपवून ज्याने दुसरीला फसवले त्याला त्या फसवणुकीचाच फायदा घेता येणार नाही. अशा बाईला पोटगीपुरते पत्नीच मानायचे. हा निकालही छापला गेला. तरी आजही एखाद्या तारखेला १९८८ ची पाने पुढे येतात आणि २०१३ ची आपल्याकडे नसतात. छापणे वेगळे आणि पोचणे वेगळे. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनीही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे सांगून सर्वोच्च न्यायालय थांबले नाही. हा निकाल प्रत्येक जिल्हा न्यायालयापर्यंत पाठवा, असेही त्यात लिहिले. पोचवण्याची गरज तिथेही जाणवली, ती अशी.

आपल्या खंडपीठाचेही एक उदाहरण आठवणीत ठेवण्यासारखे आहे. मे २००२ मध्ये औरंगाबादच्या पूर्णपीठाने ‘दगडू पठाण विरुद्ध रहीमबी’ या प्रकरणात ठरवले की, पोटगीचा दावा आल्यावर नवऱ्याने कोर्टात नुसते ‘मी हिला आधीच तलाक दिला आहे’ म्हटले तर तलाक सिद्ध होत नाही. त्याला कारण असले पाहिजे, समेटाचा प्रयत्न झालेला असला पाहिजे आणि हे सगळे पुराव्याने दाखवले पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात याच दिशेचा निर्णय दिला. मराठवाडा-खानदेशातल्या किती मुसलमान भगिनींनी यापूर्वी तेच उत्तर ऐकून हात हलवत घर गाठले असेल! एका निकालाने ते उत्तर बंद केले, कारण तो निकाल सर्वांना दाखवता येत होता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग प्रश्न सोपा आहे. सगळे निकाल छापा, सगळे उघडे करा. पण जळगावच्या बाईला विचारल्याशिवाय हे म्हणता येणार नाही. १९९४ साली जळगावचे लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले. छायाचित्रांचा धाक घालून मुलींना आणि बायकांना गप्प बसवले गेले होते. मीरां बोरवणकर यांच्यासारख्या अधिकारी तपासाला आल्या, राज्यभरातल्या संघटना आल्या, तरी तक्रार द्यायला पुढे आलेल्या थोड्याच. न्याय नको होता असे नाही. नाव फुटण्याची भीती होती. त्या काळात शहराच्या नावावरूनसुद्धा मुलींना टोमणे ऐकावे लागले. निकालाच्या पहिल्या ओळीत आपले, बापाचे आणि गावाचे नाव छापले जाणार असेल, तर कोण पुढे येईल?

कायद्यानेही इथे एक फट ठेवली आहे. अत्याचारग्रस्त स्त्रीचे नाव छापणे हा गुन्हा ठरला तो १९८३ मध्येच, भारतीय दंडविधानाच्या कलम २२८-अ ने. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे. पण त्याच कलमात म्हटले की, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छापणे हा गुन्हा नाही. म्हणजे वर्तमानपत्राने नाव छापले तर गुन्हा, आणि कायद्याच्या पुस्तकात तेच नाव कायमचे. न्यायालयांनी पुढे स्वतःच सांगितले की, निकालातही नाव घालू नये. २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नाव गुप्त राखण्याबद्दल पुन्हा बजावले. आणि न्यायालयाकडे बोट दाखवताना आपल्याकडेही पाहू या. देसाईगंजच्या त्या मुलीचे नाव मी वर लिहिले नाही, पण तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे, कारण ते आपणच घोषणांत, पोस्टरवर आणि पत्रकांत घातले. तिच्यामुळे झालेल्या कायद्याने इतरांची नावे झाकली गेली, तिचे मात्र राहिले. तिला कुणी विचारले होते का?

दुसरे टोकही आपण पाहिले. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘पी विरुद्ध ए’ या प्रकरणात, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या खटल्यांसाठी कार्यपद्धती घालून दिली. पक्षकारांची नावे नकोत, सुनावणी बंद दाराआड, आदेश संकेतस्थळावर टाकायचे नाहीत आणि परवानगीशिवाय बातमीही द्यायची नाही. हेतू बाईला झाकण्याचा होता आणि त्याबद्दल शंका नाही. पण अनेक वकील-कार्यकर्त्यांनी तेव्हाच विचारले, की नावाबरोबर निकालही झाकला गेला तर छळाची व्याख्या कोर्ट कशी करते, तक्रार समितीच्या चुका कुठे पकडते, हे पुढच्या बाईला कळणार कसे? शिवाय बोलण्याची बंदी जिच्यावर अन्याय झाला तिच्यावरही. झाकणाखाली बाई सुरक्षित राहते तसाच तिचा छळ करणाराही सुरक्षित राहतो.

म्हणून आमच्या गटात बऱ्याच चर्चेनंतर आम्ही या मतावर आलो : नाव झाका, निकाल उघडा. बाईची ओळख तिची आहे. ती उघडायची की नाही हे तिने ठरवावे. निकालातला न्याय मात्र एकटीचा नाही. त्याच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांचा त्याच्यावर हक्क आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. आजवर त्या एकत्र बांधल्या गेल्या, म्हणून कधी बाई उघडी पडली आणि कधी निकाल गाडला गेला.

आता आपण काय करायचे? न्यायालयाकडे मागणी करायचीच : अर्ज दाखल होतानाच नावाऐवजी आद्याक्षरे घालण्याची सोय करा, आणि नावे काढून स्त्रियांविषयीचे सर्व अपिली निकाल, सत्र न्यायालयाचेसुद्धा, पाहायला खुले ठेवा. पण मागणी मान्य होईपर्यंत थांबायचे कारण नाही.

पहिली गोष्ट, कागद हातात घ्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातले कलम २४ सांगते की, आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना, पोलीस ठाण्याला आणि त्या भागातल्या नोंदणीकृत सेवा देणाऱ्या संस्थेला विनामूल्य मिळाली पाहिजे. आपल्यापैकी ज्या संस्था अशा नोंदलेल्या आहेत त्यांनी हा हक्क कधी बजावला आहे का? पोटगीच्या हुकुमाची प्रतही बाईला फुकट मिळते; जुन्या फौजदारी संहितेत होती तशी नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. बाई निकाल ऐकून घरी गेली आणि नक्कल राहून गेली, असे यापुढे होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, प्रत्येक केंद्रात निकालवही ठेवा. साधी शंभर पानी वही चालेल. एका निकालाला एक पान : साल, कोर्ट, कलम, बाईच्या कामाची आणि घराची हकिगत चार ओळींत, समोरच्याने काय म्हटले, कोर्टाने काय दिले आणि का. नाव नको, गाव नको. आपल्या गावांत ‘तीन मुलींची आई, नवरा एस.टी.त’ एवढे म्हटले तरी घर कळते, तेव्हा ओळख पटेल असा तपशील गाळा. आणि लिहिण्यापूर्वी तिला विचारा. हरलेले निकालही लिहा. कुठे हरलो हे कळल्याशिवाय पुढच्या वेळी कसे जिंकणार? तडजोडी झाल्या असतील तर त्याही लिहा, कोर्ट लिहीत नाही म्हणून.

तिसरी गोष्ट, शोधायला शिका. सर्वोच्च न्यायालयाचे १९५० पासूनचे निकाल जानेवारी २०२३ पासून संगणकावर फुकट पाहता येतात. काहींची मराठी भाषांतरेही आहेत. ती समजून घ्यायला वापरा, कोर्टात मात्र इंग्रजी प्रतच लागते. उच्च न्यायालयाच्या निकालांना आता स्वतःचा क्रमांक मिळतो : वर्ष, न्यायालय, खंडपीठ आणि आकडा. एखाद्या प्रकाशकाने छापला नाही तरी या क्रमांकाने तो दाखवता येतो. भिंतभर पुस्तके ज्याच्याकडे त्याचाच दाखला, हे दिवस सरत आले आहेत. पण मोबाईल कुणाच्या हातात आहे आणि इंग्रजी कुणाला येते, हा प्रश्न सरलेला नाही. प्रत्येक तालुक्यात एक तरी मुलगी या कामासाठी तयार करू या. जिल्हा कोर्टाचे आदेशही संगणकावर येतात, परंतु कौटुंबिक आणि लैंगिक गुन्ह्यांच्या प्रकरणांतले अनेकदा दिसत नाहीत. तिथे आपली वहीच उपयोगी पडणार.

चौथी गोष्ट वकील मैत्रिणींसाठी. खंडपीठात आपल्या बाजूने लागलेला निकाल नाव झाकून कायद्याच्या ग्रंथांच्या संपादकांकडे पाठवा. नवा मुद्दा नसेल तर हकिगतीचे महत्त्व सांगून पाठवा. समोरचे वकील पाठवतातच.

जळगाव आणि धुळ्याच्या गटांनी वहीचे काम या वर्षी सुरू करायचे ठरवले आहे. निवडक नोंदी या त्रैमासिकात छापू. इतर जिल्ह्यांतल्या गटांनी आपापल्या नोंदी पाठवाव्यात. ही वही कोर्टाला बंधनकारक नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण कागद कुठल्या पेटीत आहे, हे तरी त्यातून कळेल. पाच आठवडे लागणार नाहीत.

पहिले पान कुणाचे, हे सांगायला नको. परवानगी विचारायला आम्ही त्या बाईकडे परत गेलो होतो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘मनं नाव नका लिखू ताई. कापूसनं तेवढं लिखा.’’